धक्क्यावरचा ट्राउट आणि वेंगुर्ल्याची दोरी

प्रश्न : माझे बाबा वेंगुर्ल्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. जन्मभर खाडीवर गरवलेला, म्हणजे गळ टाकून मासे पकडलेला माणूस, घरात बसून पार कंटाळला. म्हणून बाबा, मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा सलग तीन शनिवार इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, लेक शॅबो या तळ्याच्या धक्क्यावर जाऊन बसलो. त्याच आठवड्यात तळ्यात ट्राउट हे गोड्या पाण्यातले मासे सोडल्याचं कळलं होतं. शेजारच्या आजोबांनी दोन तासांत पाच काढले. आम्हाला साधा चावासुद्धा नाही. आमिष म्हणून गोठवलेली कोळंबी होती. बाबा म्हणतात, "हय मासोच नाय!" आमचं काय चुकतंय? शिवाय बाबांना रॉड नको, हातात दोरी धरूनच गरवायचंय. ते इथे चालतं का?
— एक वाचक, सॅन लिअँड्रो

उत्तर : बाबांना सांगा, मासो आसा. पण तो खाडीतला मासा नाही, हे आधी त्यांच्या गळी उतरवा. मी मालवणजवळच्या आचऱ्याचा. इथे आलो तेव्हा पहिला हिवाळाभर मीही अशीच कोळंबी बुडवत बसलो होतो, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

तळ्यात सोडलेला रेनबो ट्राउट हा सिमेंटच्या हौदात, दाण्यांवर वाढलेला प्राणी. चिखलात तोंड खुपसून खाणं शोधायची सवय त्याला नाही. तो तळापासून थोडा वर फिरतो आणि समोर आलेलं टिपतो. तुमची कोळंबी मात्र शिशासकट तळाच्या गाळात आणि शेवाळात जाऊन बसते. मासा तिच्या वरून निघून जातो.

म्हणून आमिष तरंगणारं हवं. शेजारच्या आजोबांकडे छोट्या बरणीत चमचमणारा, पिवळा किंवा गुलाबी, वासाचा गोळा असणार. तेच ते पॉवरबेट, ट्राउटसाठीचं तयार आमिष. मांडणी अशी : मुख्य दोरीत भोक असलेलं शिसं मोकळं सरकतं ठेवायचं, त्याखाली फिरकीची कडी बांधायची, आणि कडीपुढे हातभर, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, 4 पौंडी (म्हणजे तेवढा ताण झेलणारी) बारीक दोरी. टोकाला 16 नंबरचा तीन तोंडांचा गळ. (नंबर मोठा तसा गळ लहान. दुकानात मी उलटं समजून 6 नंबरचे घेऊन आलो होतो.) गोळा वाटाण्याएवढा, गळ पुरता झाकेल इतकाच. टाकण्याआधी धक्क्याच्या कडेला पाण्यात धरून बघा : गळासकट वर आला पाहिजे. बुडाला तर गोळा थोडा वाढवा किंवा गळ लहान करा. ही दहा सेकंदांची परीक्षा कोणी करत नाही, आणि मग सगळे तळ्याला शिव्या देतात.

शिसं तळाला बसलं की आमिष हातभर वर डुलत राहतं. मासा ते घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला ओझं लागत नाही. म्हणून दोरी ताणून ठेवू नका, किंचित ढिली सोडा. आणि जाड दोरी नको. तळ्याचं पाणी निवळ असलं की ती त्याला दिसते.

आता बाबांची दोरी. खुशाल चालते! कॅलिफोर्नियाच्या नियमात गळाची दोरी हातात धरून मासा पकडणं हे रॉडच्या बरोबरीनं मान्य आहे. फक्त शेवटचा हातभर भाग वर सांगितला तसा बारीक करून द्या. मला तर वाटतं, बाबांच्या बोटांना चावा रॉडच्या टोकाआधी कळेल. मात्र खाडीवर करतात तसं भात किंवा चपातीचे तुकडे फेकून मासे जमवू नका. या तळ्यात ते बेकायदेशीर आहे.

राज्याचा मासेमारीचा परवाना 16 वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला लागतो, पाहुण्यांनाही. बाबा राज्याचे रहिवासी धरले जात नाहीत, त्यांचा वार्षिक परवाना महाग पडतो. एका दिवसाचा घ्या. शिवाय तळं ज्या पार्कात आहे, त्याचं दिवसाचं मासेमारीचं परमिट वेगळं. नातवाला दोन्ही लागत नाहीत. ट्राउट माणशी दिवसाला पाच, त्याच्या पुढे नाही.

बसायचं कुठे? लांब फेकण्याच्या नादाला लागू नका. नुकतीच सोडलेली पोरं पहिले एक-दोन दिवस सोडल्या जागेच्या आसपास घिरट्या घालतात, मग पांगतात. उजाडताना जा, ऊन चढलं की ती खोल उतरतात. आणि आमिष पार गिळलेल्या माशाच्या घशातून गळ उपसू नका, दोरी कापा. तो सोडला तरी जगेलच असं नाही, त्यामुळे खायला न्यायचे तेवढेच पकडून उठा.

खायचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. ट्राउटचे खवले इतके बारीक की ते काढायची गरज नाही. पोट फाडून कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखानं खरवडून काढा, वास तिथे असतो. तळ्याचा मातकट वास उरतोच, त्याला कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. मग हळद, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ आणि तवा. तिरफळं घालून आमटी मात्र करू नका. मी केली होती, मासा विरघळला आणि बायकोनं भातावर नुसती तिरफळं वाढली.

एक शेवटचं. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउटला त्रास होऊ लागतो, म्हणून उन्हाळ्यात तो सोडणं थांबतं आणि त्याऐवजी कॅटफिश सोडतात. तो खरा तळाचा गडी, आणि त्याला कोळंबी फार आवडते. तेव्हा उरलेली पिशवी फ्रीझरमध्ये राहू द्या.