माळ काढून ठेवलीय, आता काय करू?

"सर, ह्यांनी माळ घातली तेव्हापासून आठ महिने थेंब घेतला नव्हता. भाच्याच्या हळदीत बसले आणि झालं. आता म्हणतात पांडुरंगाला काय तोंड दाखवू, आणि रोज पितात. देवाधर्माने दारू सुटतच नाही का हो?"

असं विचारणारी एखादी तरी ताई दर महिन्याला येतेच. (ओळख पटू नये म्हणून इथे थोडे तपशील बदललेत.) या ताईंनी तर पर्समधून रुमालात गुंडाळलेली तुळशीची माळच काढून माझ्या टेबलावर ठेवली.

दादा टेम्पो चालवतात. मी विचारलं, हळदीत पहिला पेग झाल्यावर मनात काय आलं? म्हणाले, "माळ तर बाटलीच, मग एक काय आणि चार काय." इथेच गोची आहे बघा. चुकून एकदा घेतली त्याला आम्ही व्यसनमुक्तीवाले स्लिप म्हणतो, पण त्या स्लिपचं रोजचं पिणं होतं ते बऱ्याचदा या अपराधीपणामुळेच.

आणि माळेने काहीच केलं नाही असं कसं म्हणता? गावात हरिपाठाची वेळ साडेसहा-सातची, आणि ह्यांची क्वार्टरची वेळ पण तीच, म्हणजे आठ महिने तो अवघड तास टाळ वाजवण्यात गेला, आला नाहीत तर विचारायला मंडळी होती. दादांनी माळेबरोबर मंदिरही सोडलं आणि मंडळीही. लागू पडलेलं औषधच बंद केलं ना!

अशीच मंडळी एएमध्येही असतात. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसायचा गट, ते १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर अशा दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलं. देवाची भाषा तिथेही आहे, पण 'आपल्याला समजेल तसा' देव, त्यामुळे नास्तिकही बसतात. आणि स्लिप झाली तरी कोणी हाकलत नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. फक्त आजचा दिवस नाही प्यायची, उद्याचं उद्या.

पण आधी डॉक्टर!! रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकदम बंद केली तर थरथर सुटते, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, जिवावरही बेततं. माळ घातली तेव्हा दादांना तिसऱ्या रात्री भिंतभर मुंग्या दिसत होत्या आणि घरच्यांनी अंगारा लावला. हे ऐकून माझा आवाज जरा चढलाच, नंतर ताईंना सॉरी म्हटलं.

यावेळी आठवडाभर ॲडमिट केलं, सुटल्यावर जवळची एए मीटिंग बघून दिली. माळेचं मात्र मी काही बोललो नाही, ते माझं काम नाही, तुमच्या महाराजांना विचारा म्हटलं. महाराज म्हणाले, माळेचं नंतर बघू, आधी हरिपाठाला येऊन बस.

परवा दादांचाच फोन आला. "हात अजून थोडा हलतो सर, पण टाळच वाजवायचेत, कुणाला कळतंय!"