मुलांचं आजारपण आणि एआय : पालकांचे प्रश्न

‘डॉक्टर, आम्ही एआयला विचारलं होतं,’ या वाक्यानं सुरू होणारी पत्रं आता रोज येतात. गोंधळ बहुतेकांचा सारखाच आहे, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते.

रडण्याच्या आवाजावरून बाळाला भूक लागली की पोट दुखतंय हे सांगणारं ॲप घ्यावं का?

नको. पैसे वाचवा.

मुलगा दोन वर्षांचा, वजन ११ किलो. तापासाठी चॅटबॉटनं ‘पॅरासिटामॉल ५ मिली’ सांगितलं. घरात ड्रॉप्सची बाटली आहे. तेवढंच द्यायचं ना?

अजिबात नाही. आणि हे उत्तर सगळ्यांनी वाचावं.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या मुलाला ११० ते १६५ मिलिग्रॅम. आता ते किती मिलीत बसतं हे बाटलीवर अवलंबून आहे. आपल्याकडच्या दुकानांत ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, ५ मिलीत २५० चंही मिळतं, आणि ड्रॉप्समध्ये बहुधा एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. त्या ड्रॉप्सचे ५ मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, तुमच्या मुलाच्या जास्तीत जास्त डोसच्या तिप्पट. अमेरिकेत मुलांच्या सिरपचं प्रमाण ५ मिलीत १६० मिलिग्रॅम आहे. तिथल्या सिरपचे ५ मिली ११ किलोच्या मुलाला चालतात. चॅटबॉटचं वाचन मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालेलं असतं. तुमच्या हातातली बाटली त्यानं पाहिलेली नाही, आणि बहुतेक वेळा तो त्याबद्दल विचारतही नाही.

जास्त पॅरासिटामॉलचा मार बसतो यकृतावर. पहिल्या दिवशी मूल खेळतंसुद्धा, फार तर एखादी उलटी होते, आणि घरचे निर्धास्त राहतात. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. तेव्हा चुकून जास्त औषध गेलं असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

आणखी एक. सर्दीच्या अनेक सिरपांमध्येही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही एकदम दिली की डोस दुप्पट होतो. घरातला चहाचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. मुलाचं आजचं वजन आणि बाटलीचा फोटो आपल्या डॉक्टरांना पाठवून मिलीचा आकडा त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तो आकडा एआयकडून घ्यायचा नाही, कितीही आत्मविश्वासानं सांगितला तरी.

सात महिन्यांच्या नातीला खोकला आणि धाप आहे. सून म्हणते, मोबाइलवर ‘व्हायरल आहे, घरी लक्ष ठेवा’ असं आलं. रात्र काढावी का?

आजी, काढू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगानं श्वास. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध घेत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर श्वास मोजत बसायचीही गरज नाही. १०८ ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप आला तरी त्याच वेळी दाखवायचं. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्यातही वेळ जातो.

एआय डॉक्टरांपेक्षा अचूक निदान करतं, असं व्हॉट्सॲपवर आलं आहे. खरं का?

२०२४ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात चॅटजीपीटीला मुलांच्या १०० अवघड केसेस दिल्या होत्या, ८३ निदानं चुकली. त्यानंतर ही साधनं सुधारली आहेत, पण पोटाला हात लावून पाहणं त्यांना जमत नाही. फॉरवर्डवर मुलाचे उपचार ठरवू नका.

मुलाचा व्हिडिओ एका ॲपवर टाकला. ‘ऑटिझमची शक्यता’ असं आलं आणि लगेच थेरपीचं पॅकेज घेण्याचा मेसेज आला. मुलगा दोन वर्षांचा आहे, अजून बोलत नाही.

आई-वडिलांना आधी घाबरवायचं आणि त्याच स्क्रीनवर पैसे मागायचे, याला मी वैद्यकीय सेवा म्हणणार नाही. पॅकेज घेऊ नका. पण ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात’ असं म्हणून थांबूही नका. दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, तर आधी ऐकण्याची तपासणी आणि मग विकासतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष मूल्यमापन, हे याच महिन्यात व्हायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

अंगावरच्या पुरळाचा फोटो एआयला दाखवला तर?

त्यावर निदान मानू नका. या साधनांना शिकवताना गोऱ्या त्वचेचे फोटो जास्त वापरले गेले. सावळ्या अंगावर तेच पुरळ वेगळं दिसतं. ताप आहे आणि काचेचा पेला दाबल्यावरही डाग फिके होत नाहीत, तर तातडीनं रुग्णालय. आणि मुलाचे उघड्या अंगाचे फोटो कुठल्याही ॲपवर टाकू नका.

मग एआय वापरायचंच नाही का?

वापरा की. ताप कधी आला, किती होता, कोणतं औषध किती वाजता दिलं, लघवी शेवटची कधी झाली, हे बोलून त्याच्याकडून नीट क्रमानं लिहून घ्या. असा कागद हातात आला तर तपासणीला फार मदत होते. आम्ही सांगितलेल्या आजाराचं नाव समजून घ्यायलाही हरकत नाही. फक्त रिपोर्ट टाकताना मुलाचं नाव, शाळा, पत्ता काढून टाका, आणि एआयचं ऐकून सुरू असलेलं औषध बंद करू नका.

लसींचं वेळापत्रक एआयनं दिलेलं चालेल?

नाही. अमेरिकेच्या वेळापत्रकात बीसीजी नाही; आपल्याकडे ती जन्मतःच देतात. लसीकरणाचं कार्ड घेऊन या.