वगळलेला विषय

ऐरोली,
रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर तू माझ्या टेबलावर विषयांची यादी ठेवलीस, "बाई, गणित वगळले तरी चालते ना?" असे विचारलेस आणि उत्तराची वाट न पाहता घणसोलीची बस पकडायला निघून गेलास. यादी अजून माझ्याकडेच आहे. मराठी, हिंदी, गृहविज्ञान, चित्रकला, भारतीय संस्कृती आणि वारसा. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आहे, म्हणजे हा निर्णय तू आधीच घेऊन आला होतास आणि माझ्याकडून तुला फक्त होकार हवा होता. तो मी देणार नाही.

नियमाचे म्हणशील तर चालते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा असावी लागते, आणि उरलेल्यांत गणित असलेच पाहिजे असे कोणीही म्हणत नाही. राज्य मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय आपल्या वाशीतच आहे, पण तिथल्या सतरा नंबरच्या अर्जाने, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, बसलास तर तुला गणित टाळता येत नाही. तू मुक्त विद्यालयाची वाट का धरलीस, हे मला कोणी सांगावे लागत नाही.

चोविसाव्या वर्षी दहावीला बसण्याची लाज, दिवसभर साइटवर उभे राहून आल्यावर संध्याकाळी लागणारी पेंग, चाळीतल्या पोरांचे टोमणे यांबद्दल मी काही लिहीत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती 1855 मध्ये, आणि आपल्याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला 2016 पासून आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जाऊ लागल्या. तू त्यांच्या नातवाच्या वयाचा आहेस. धीर देण्यात वेळ घालवण्याइतका तू लहान नाहीस आणि मलाही आता तेवढा दम नाही.

मला बोलायचे आहे ते गेल्या मंगळवारबद्दल. वर्ग सुरू व्हायच्या आधी तुझ्या कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला होता. अकरा फ्लॅटना प्रत्येकी अडतीस मीटर वायर लागणार होती आणि एक बंडल नव्वद मीटरचे. मी फळा पुसत होते. तू खांद्याने फोन कानाशी धरून, डबा उघडता उघडता म्हणालास, "चारशे अठरा. चार बंडलांत तीनशे साठच होतात शेठ, अठ्ठावन्न कमी पडतील. पाचवे फोडावे लागेल, त्यातले बत्तीस मीटर जिन्याला घेतो." मी फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले, कारण तो गुणाकार माझा अजून व्हायचा होता. पंधरा मिनिटांनी मी फळ्यावर लिहिले, "एका बंडलाची लांबी क्ष मीटर मानू," आणि तू वही मिटलीस. तीच वायर, तेच बंडल! तुझी भीती हिशेबाची नाही. नववीत ज्या अक्षरापाशी तुला उभे करून हसले गेले, त्या एका अक्षराची आहे, आणि त्यासाठी तू अख्खा विषय ओवाळून टाकायला निघाला आहेस.

गणित सोडू नकोस.

तुझे म्हणणे मला ठाऊक आहे. तुझा आतेभाऊ दोह्याला आहे, तुलाही जायचे आहे, आणि दहावी उत्तीर्ण असले की पासपोर्टवर परदेशगमन तपासणीचा, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागण्याचा, शेरा येत नाही. मग ती दहावी चित्रकलेची का असेना. हे खरे आहे. शिपायाच्या किंवा तत्सम ज्या जागांना नुसती दहावी पुरते, तिथेही तुझ्या गुणपत्रिकेत कोणते विषय आहेत याची कोणी चौकशी करणार नाही. पण तुला दोह्याला जाऊन भिंतीला खाचा पाडायच्या आहेत की पॅनेल उघडायचे आहे, हे एकदा ठरव. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावीला गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय असावे लागतात. तिथे प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही, म्हणून सव्विसाव्या वर्षीही तुला दार उघडे आहे. ते तू स्वतःच्या हाताने या यादीत बंद केले आहेस. दोन हजार वॉटचा गीझर 230 व्होल्टवर किती अँपिअर घेतो, हे मी विचारले तेव्हा तू म्हणालास की सोळाची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारी कळ, लावतात. लावतात, ते मलाही माहीत आहे. माझा प्रश्न तो नव्हता. उत्तर जेमतेम पावणेनऊ आहे आणि ते एका भागाकाराचे काम आहे. तो भागाकार ज्याला येतो तो कोणती एमसीबी लावायची ते सांगतो, आणि ज्याला येत नाही तो सांगितलेली लावतो.

आता माझी गोष्ट सांगते. वर्गात मी ती कधी सांगितली नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषधाच्या गोळ्यांचे पॅकिंग करणाऱ्या एका कंपनीत मी लागले तेव्हा माझी आठवीसुद्धा धड झालेली नव्हती. इकडे लोकल नव्हती, ठाण्याहून बसने यायचे. हात चलाख होता आणि तोंड त्याहून, त्यामुळे काही वर्षांत माझ्याकडे पॅकिंगची एक लाइन आली. लाइनबरोबर हिशेबाचे कागदही आले: किती गोळ्या आल्या, पट्ट्यांत किती भरल्या, बाद किती गेल्या, आणि जुळत नाहीत त्यांचे शेकडा प्रमाण किती. टक्केवारी मला येत नव्हती. चार वर्षे ते रकाने मी माझ्या हाताखालच्या एका मुलीकडून भरून घेतले. वर ऐट अशी की मला कामातून फुरसत नाही. एके दिवशी ती उशिरा आली आणि कागद मला भरावा लागला. एक लाख गोळ्यांपैकी 96,400 पट्ट्यांत, 2,300 बाद, म्हणजे 1,300 चा पत्ता नाही. हे प्रमाण 1.3 टक्के होते, मी 0.13 लिहिले. दशांशचिन्ह एक घर सरकले. ती आल्यावर तिने माझ्यावर विश्वास ठेवून 'तपासले' या रकान्यात सही केली. दुपारी वरच्या तपासणीत ते सापडले, लाइन थांबली, माल अडकला आणि विचारणा झाली तेव्हा मी सांगितले की हिशेब तिनेच केला होता. तिचा पगार कापला गेला. पुढच्या महिन्यात तिने काम सोडले. मी गप्प बसले. मी लबाड नव्हते, असे मी कित्येक वर्षे स्वतःला समजावत असे, माझ्या पदरात तान्हे मूल होते, नोकरी जाणे परवडणारे नव्हते. कारणे सगळी खरी आहेत आणि त्यातल्या एकाचाही तिला काही उपयोग नव्हता. मुळात मला माझे गणित येत असते, तर मला तिच्या सहीमागे लपायची वेळ आली नसती.

त्यानंतर मी ठाण्यातल्या रात्रशाळेत नाव घातले. मार्च 1995 मध्ये बाकीचे सगळे विषय निघाले आणि गणित राहिले. ऑक्टोबरात पुन्हा राहिले. मार्च 1996 मध्ये दीडशेपैकी छप्पन गुण पडले, म्हणजे काठावरच, पण त्या छप्पनांतला एकही गुण पाठ करून मिळवलेला नव्हता. भूमितीचे प्रमेय मी पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटाने काढत असे, कारण कागद मुलाच्या वह्यांना लागायचा. सासूबाई म्हणायच्या, पोळ्या त्रिकोणी येऊ लागतील.

तुला माझ्यापेक्षा किती सोपे आहे, हे नीट वाच. मला सगळे विषय एकदम द्यावे लागले. तुला तसे काही नाही. प्रवेशानंतर पाच वर्षे आणि नऊ संधी तुझ्या हातात आहेत, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि जो विषय सुटला तो तुझ्या खात्यात जमा राहतो, पुढच्या वेळी पुन्हा द्यावा लागत नाही. उत्तीर्ण व्हायला शंभरात तेहतीस लागतात. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना काही गुण असतात, तेवढे वेळेवर लिहिले तरी ओझे हलके होते. पुस्तके मराठीतून मिळतात. तेव्हा मराठी, हिंदी आणि संस्कृती-वारसा हे तीन विषय पहिल्या खेपेला दे, ते तुला जड नाहीत. विज्ञान दुसऱ्या खेपेला दे. विजेचा धडा तुला मी काय शिकवणार, तूच मला शिकवशील. गणित एकट्याने, सगळ्यांच्या शेवटी, सहा महिने फक्त त्याला देऊन दे. नापास झालास तर पुन्हा दे. पण सोडू नकोस. "आधी दहावी पदरात पाडून घेतो, गणिताचे नंतर बघू," हे वाक्य या वर्गात मी दर वर्षी ऐकते आणि त्यातला एकही जण नंतर गणिताचे बघायला परत आलेला मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवणे बरे नाही, कारण कधी ना कधी तू माझ्या मुलाला भेटशील आणि तो ती सांगितल्याशिवाय राहणार नाही. त्याचा हात चित्रकलेत फार चांगला होता. दहावीनंतर त्याला चित्रकला शिकायची होती आणि मी त्याला पॉलिटेक्निकला घातले. दोन वर्षे तो गणितात अडकत राहिला, मग सोडून दिले. आज कळव्याला फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करण्याचे त्याचे दुकान आहे, बरे चालते. मागच्या गणपतीत आरतीनंतर, चार पाहुण्यांसमोर, तो मला म्हणाला, "आई, नापास तू झालीस आणि परतफेड मी केली." मी लगेच सुनावले की फ्लेक्सचा भाव तू चौरस फुटावर लावतोस तो काय आकाशातून पडतो? सगळे हसले, तोही हसला. पण रात्री मला झोप लागली नाही. मी त्याच्या बाबतीत चुकले असेन. असेन म्हणते, कारण पुरते कबूल करायला अजून जीभ रेटत नाही. घरातल्या पोराला आपल्यासारखे कोणाच्या सहीमागे उभे राहावे लागू नये, एवढेच माझ्या मनात होते, आणि आईच्या मनात दुसरे काय असणार?

पण त्याच्या गोष्टीचा आधार घेऊन तू सुटू नकोस. त्याला रंग हवे होते आणि मी त्याच्या हातात कंपासपेटी दिली. तुला पॅनेल उघडायचे आहे आणि तू स्वतःच रंगपेटी मागतो आहेस, तीही रंगांची आवड म्हणून नव्हे. या वर्षभरात मी तुला एक चित्र काढताना पाहिलेले नाही. तुझ्या वहीच्या मागच्या पानावर आहेत त्या सगळ्या जिन्याच्या दिव्याच्या जोडण्या आहेत, वर-खाली दोन बटणे आणि मध्ये दिवा, आणि त्याही पट्टीने आखलेल्या. गृहविज्ञानाचे पुस्तक तू अजून उघडूनही पाहिले नसशील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

यादीतल्या गृहविज्ञान आणि चित्रकला या दोन विषयांवर मी रेघ मारली आहे आणि बाजूला गणित, विज्ञान असे लिहिले आहे. पेन्सिलीने लिहिले आहे, कारण अर्ज तुझा आहे आणि पेन तुझ्या हातात असणार. मंगळवारी साडेसातपर्यंत ये, आपण इतर मुले यायच्या आत ते अकरा फ्लॅटचे गणित पुन्हा मांडू, या वेळी क्ष घालून. येताना टेस्टर आणि पक्कड आण. मागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट परवापासून फडफडते आहे. मी स्टार्टर बदलून पाहिला, बहुधा चोक गेला असावा.

तुझी,
बाई