प्लास्टिक रिसायकलिंगच्या लहान युनिटला ईपीआरचा फायदा मिळतो का?

मिळतो, पण नोंदणीकृत रिसायकलरलाच. ईपीआर म्हणजे प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्या कंपन्यांवर त्या कचऱ्याची टाकलेली जबाबदारी; ती पुरी करायला त्या रिसायकलरकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. भंगार गोळा करून, निवडून, गठ्ठे बांधून विकणाऱ्याला ईपीआर प्रमाणपत्र काढता येत नाही. आधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जीएसटी, मग केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये रिसायकल मालाचे प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के आणि २०२८-२९ पासून ६० टक्के ठरवले. चांगल्या दाण्याची (कचरा वितळवून केलेल्या प्लास्टिकच्या गोळ्यांची) मागणी तिथूनच येते.

सुरुवात एचडीपीई आणि पीपी या प्लास्टिकच्या दोन प्रकारांच्या डबे-कॅनपासून करा. पाण्याच्या टाकीत हे दोन्ही तरंगतात, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) व पीव्हीसी (पाइपचे प्लास्टिक) बुडतात. मात्र तरंगलेले दोन्ही एकमेकांत मिसळले तर दाणा कमजोर होतो, म्हणून दळण्याआधी हातानेच निवडायला हवेत. या कामाला माणसे कमी ठेवू नका, नफा इथेच ठरतो. पीईटी नवख्याला जड जाते: त्यात पीव्हीसीचे तुकडे राहिले तर वितळवताना आम्ल सुटते, माल पिवळा पडतो, आणि नीट वाळवले नाही तर ओलाव्याने ताकद जाते.

प्रमाणपत्रांचे भाव बदलत राहतात. कर्जाचा हप्ता दाण्याच्या विक्रीवरच बसवा आणि धुण्याच्या पाण्यावरील प्रक्रियेचा खर्च आधीच धरा.