करार तिघींच्याही नावावर हवा

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची, मूळची लातूरची. नोकरी लागल्यापासून हिंजवडीजवळ पीजीत राहते. आता दोन मैत्रिणींबरोबर वाकडला टू बीएचके भाड्याने घ्यायचा विचार आहे. भाडं 24 हजार, डिपॉझिट 75 हजार, करार 11 महिन्यांचा. मालक नाशिकला असतात, सगळा व्यवहार एजंट बघतो. तो म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, रजिस्टर करण्यात उगाच पैसे जातात. करार एकीच्याच नावावर करा आणि दहा हजार टोकन आजच जीपे करा, नाहीतर फ्लॅट हातचा जाईल. बाबा म्हणतात, पीजीच बरं. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घर घे, पण एजंट सांगतोय तसं नको.

आधी नोटरीचं बोलू. करार 11 महिन्यांचा असला की रजिस्टर करावा लागत नाही, हा समज आपल्याकडे पक्का रुजलाय. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून तो आला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुम्ही करताय तसा ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरायचं, असंही त्याच कलमात आहे. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे. पण डिपॉझिटसाठी कोर्टाची पायरी चढायला नोकरी करणाऱ्या मुलीला वेळ कुठून मिळणार? म्हणून कागद आधीच पक्का हवा.

खर्चाचं म्हणशील तर 11 महिन्यांचं भाडं 2 लाख 64 हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. तुमच्या घराचं ते सातशेच्या आतच बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर करार करून देणाऱ्याची मजुरी. तिघींत वाटलं तर हा फार मोठा आकडा नाही, एजंटला द्यायच्या दलालीपुढे तर नाहीच. आणि मालक नाशिकला असण्याचीही अडचण नाही. नोंदणी ऑनलाइन होते, आधारला जोडलेला अंगठा ते तिथूनच देतील, तुम्ही इथून द्या.

आता नावांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सोसायटीची सेक्रेटरी असताना मी एक प्रकरण जिन्यात उभं राहून ऐकलंय. तीन मुलं फ्लॅट सोडून चालली होती, सामान टेम्पोत चढत होतं. मालकाने रंगाचे, कमोडच्या जेटचे आणि एका खिडकीच्या जाळीचे पैसे कापून उरलेलं डिपॉझिट करारात नाव असलेल्या मुलाच्या खात्यात टाकलं. तो मुलगा कधीच नोकरी बदलून बंगळूरला गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने स्वतःचा वाटा त्याला रोख दिलेला, त्याचा कुठे कागद नाही. जाळी आधीपासूनच फाटलेली होती, पण फोटो कुणाकडेच नव्हता. मुलं खरं बोलत होती, असं माझं आजही मत आहे. दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, एवढंच.

म्हणून करारात तिघींची नावं घाला. डिपॉझिट प्रत्येकीने आपापल्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात भरा, कुणी किती दिलं आणि परत कुणाला किती मिळणार ते करारातच लिहून घ्या. मधेच एखादीने घर सोडलं तर काय, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता न येण्याची अट, आहे का, रंगाचे पैसे कापणार असतील तर किती, हेही त्यात येऊ दे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून त्याला सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज भरावा लागतो, तो तुमच्या माथी मारणार आहेत का, तेही आत्ताच विचार. किल्ली हातात आली की सामान लावायच्या आधी घराचा व्हिडिओ काढा. गीझर चालू करून, नळ सोडून, खिडक्या उघडून. विजेच्या मीटरचं रीडिंगही त्यात येऊ दे. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

टोकन आज देऊ नकोस. आधी मालकाशी स्वतः फोनवर बोल. विजेचं बिल, मालमत्ता कराची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागून घे, तिन्हीवर तेच नाव आहे का बघ. त्यानंतर टोकन द्यायचं ते मालकाच्याच खात्यात आणि ते डिपॉझिटमधून वळतं होईल, असा मेसेज त्यांच्याकडून घेऊन. एवढ्यात फ्लॅट गेला तर जाऊ दे, वाकडला फ्लॅटचा दुष्काळ नाही. पाण्याचा असतो. त्यामुळे टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का, हे एजंटला न विचारता खाली वॉचमनला विचार.

राहता राहिले बाबा. त्यांना घर बघायला बोलाव. लातूरहून रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी पोचतील. सोबत कराराचा मसुदाही त्यांना वाचायला दे. त्यांच्या मनात काय भीती आहे, ते तुला तेव्हा नीट कळेल, आणि एखादं कलम तुझ्या नजरेतून सुटलेलं त्यांना दिसेलही.