सातपुडा यंदा दुरूनच : भटक्या वाचकांचे प्रश्न

कोरोनाच्या साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून सुरू झाली, त्यानंतर दोनदा वाढली आणि मे २०२० मध्ये, हे सदर लिहिले तेव्हा, तिची मुदत १७ मेपर्यंत होती. या काळात सदराकडे आलेल्या पत्रांत गडकिल्ल्यांवर आणि सातपुड्यात भटकणाऱ्या वाचकांची पत्रे इतकी आहेत, की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा सहा जणांचा गट दरवर्षी मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला जातो. सहापैकी कोणालाही ताप-खोकला नाही आणि दीड महिना आम्ही घरीच आहोत. स्वतःच्या गाडीने जाऊन, दोन रात्री तंबूत राहून, कोणालाही न भेटता परतलो तर कोणाचे काय बिघडेल? (धुळे)

उत्तर : आधी कायद्याचे उत्तर देतो, कारण ते लहान आहे. मे २०२० च्या आरंभी केंद्राच्या संसर्गाच्या धोक्यानुसार केलेल्या यादीत धुळे जिल्हा लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या, क्षेत्रात होता आणि नंदुरबार त्याखालच्या नारिंगी क्षेत्रात. सहलीसाठी जिल्ह्याची हद्द ओलांडण्याचा परवाना तेव्हा मिळत नव्हता आणि मनाई मोडल्यास तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा दाखल होऊ शकत होता.

परंतु आपण विचारलेला प्रश्न कायद्यापलीकडचा आहे. ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे या आजारात म्हणता येत नाही. लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो आणि काहींना ती दिसतही नाहीत, तरीही त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. ‘कोणालाही न भेटता’ हे शब्दही आपण पुन्हा एकदा तपासून पाहावेत. शहाद्यात पेट्रोल भरणारा मुलगा, तपासणी नाक्यावरचा पोलीस, घाट चढून गेल्यावर जिथे पाणी भरून घ्याल त्या हातपंपावरच्या बाया, गाडी दिसताच धावत येणारी पाड्यावरची पोरे, ही सगळी माणसे आपल्या हिशेबातून गळाली आहेत. त्यातही हा मोसम मोहफुले, चारोळी आणि तेंदूपाने गोळा करण्याचा आहे. आपल्याला जे निर्जन रान वाटते, तिथे पहाटेपासून कोणी ना कोणी वेचणीला आलेले असते.

माझ्या मते निर्णायक मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्यापैकी कोणी आजारी पडला तर त्याला धुळ्यात रुग्णालय आहे. तोरणमाळच्या अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कोणी आजारी पडला तर आजही बांबूला झोळी बांधून त्याला रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि रुग्णवाहिकेचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकून बाहेरच्यांना बंदी केली, ती रागाने नव्हे. आपल्या आसपास किती डॉक्टर आहेत हे त्या गावांना ठाऊक आहे. कोणाचा पाय मुरगळला, दरीत कोणी घसरला, तरी त्याला खांद्यावर घेऊन उतरणारे आठ-दहा जण याच गावांतून येतील आणि ते एकमेकांपासून सहा फुटांवर राहून उतरू शकणार नाहीत.

ही वेळ एकट्या खानदेशावर आलेली नाही. मार्चमध्ये नेपाळने एव्हरेस्टच्या वसंत ऋतूतील मोहिमांचे परवाने स्थगित केले. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या अ‍ॅपलेशियन पायवाटेची देखरेख करणाऱ्या संस्थेने, जे पदयात्री चालायला लागले होते त्यांनाही घरी परतण्याची विनंती केली; कारण वाटेवरची छोटी गावे हा भार पेलू शकणार नाहीत, हेच होते. वेल्समधील स्नोडोनियात मात्र २१ आणि २२ मार्चला ‘मोकळ्या हवेसाठी’ इतकी झुंबड उडाली की वाहनतळ भरून गेले आणि लागलीच तिथली शिखरे बंद करावी लागली.

प्रश्न : आजोबा सांगत की प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत आणि त्यामुळेच वाचत. मग या साथीत नेमके उलटे, घरात बसा असे का सांगितले जाते? डोंगरावर राहणे अधिक सुरक्षित नव्हे काय? (अमळनेर)

उत्तर : या महिन्यात आलेला सर्वांत चांगला प्रश्न हाच, आणि आपले आजोबा खरे सांगत होते. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे राज्यभर पसरला. २०२० चे राज्यातील निर्बंध ज्या कायद्यांखाली होते, त्यांपैकी १८९७ चा साथरोग कायदा त्याच साथीतून आला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, हे लोकांना अनुभवाने कळले होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने त्यामागचे कारण दाखवले : मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरा आसरा शोधत माणसावर येतात. म्हणून माणसे शेतात गेली की उंदीर, पिसवा आणि रोग यांपासून एकदमच दूर जात.

या वेळी मध्ये उंदीर नाही. विषाणू माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून आणि बोलण्यातून उडणाऱ्या तुषारांबरोबर पसरतो. म्हणजे त्या काळी घर सोडून जे मागे टाकता येत होते, ते आज आपण बरोबर घेऊनच निघतो. मोकळ्या हवेत बंद खोलीपेक्षा धोका कमी असतो, हे आपले म्हणणे मान्य आहे. पण डोंगरमाथ्यापर्यंत माणूस उडत जात नाही. दोन-तीन तास काचा लावलेल्या गाडीत खांद्याला खांदा लावून बसतो, वाटेत टपरीवर चहा घेतो आणि मग मोकळ्या हवेत पोहोचतो. आणखी एक फरक सांगायला हवा. प्लेगची झोपडी आपल्याच शेतात, आपल्याच शिवारात असे. साथ अंगावर घेऊन दुसऱ्याच्या शिवारात जाण्याची रीत तेव्हाही नव्हती.

प्रश्न : पाटणादेवीला पहाटे एकट्याने दुचाकीवर जाऊन यायचे म्हटले तरी चालणार नाही काय? (चाळीसगाव)

उत्तर : नाही. टाळेबंदीत मंदिर दर्शनासाठी बंद होते, अभयारण्यही बंद होते. एकटे जाण्यात अपघाताच्या धोक्याची भर पडते, एवढे सांगून हा प्रश्न संपवतो.

प्रश्न : मे महिन्यातील हिमालयातला माझा पहिला ट्रेक रद्द झाला. वर्षभर केलेली तयारी वाया जाते आहे, असे वाटून चिडचिड होते. घरात राहून दम कसा टिकवावा? (जळगाव)

उत्तर : चिडचिड होणारच; माझी साल्हेरसाठी भरलेली पाठपिशवी मार्चपासून दाराशी तशीच उभी आहे आणि ती सोडवण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. दमासाठी जिना पुरेसा आहे. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरली, तर १०० वेळा चढल्याने ३०० मीटरची चढाई होते. आरंभ २० वेळांपासून करावा, पाठीवर आधी काहीच घेऊ नये, पंधरवड्यानंतर ज्वारीच्या पिशव्या भरून ८ ते १० किलोपर्यंत वजन वाढवावे आणि उतरताना घाई करू नये, कारण गुडघे चढताना नव्हे तर उतरताना कुरकुरतात. जिना सामाईक असेल तर शेजाऱ्यांची वर्दळ नसलेली वेळ निवडावी. मात्र जळगावचा मे लक्षात ठेवून हे सारे सकाळी सातच्या आत आटोपावे. पारा ४५ च्या घरात असताना गच्चीवर व्यायाम करून ऊन सोसण्याची सवय लावणे हा वेडेपणा आहे.

उरलेल्या वेळात नकाशा वाचायला शिका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या भटक्यांची ही बाजू फार कच्ची आहे. पुढचा माणूस जिकडे वळेल तिकडे आपण वळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतील समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचे २० मीटरचे अंतर असते. जिथे त्या दाट होतात तिथे कडा, जिथे विरळ होतात तिथे पठार. ज्या किल्ल्यावर आपण जाऊन आला आहात, लळिंग म्हणा वा भामेर, त्याची वाट त्या रेषांवर बोटाने चढून पाहावी. पायांना आठवणारा चढ कागदावर सापडला की नकाशा वाचता येऊ लागला म्हणायचे.

रात्री गच्चीवर झोपत असाल तर सप्तर्षींतल्या शेपटीच्या विरुद्ध टोकाच्या क्रतू आणि पुलह या ताऱ्यांच्या रेषेवरून ध्रुव शोधावा, आणि शेपटीची कमान पुढे नेत स्वाती व चित्रा गाठाव्यात. गणिती व खगोलज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख पाटणादेवीजवळच्या ज्या पाटण्याला आहे, त्या मुलखातल्या भटक्याला दिशा पाहण्यासाठी मोबाइल काढावा लागणे मला थोडे खटकते.

प्रश्न : सातपुड्यात आम्ही दरवर्षी ज्या कुटुंबाकडे उतरतो, त्यांचा उन्हाळ्याचा आधार आमच्यासारख्यांच्या जेवणा-राहण्याच्या पैशांवर आहे. आम्ही न जाणे म्हणजे त्यांचे नुकसान नव्हे काय? (भुसावळ)

उत्तर : आहे, आणि ते भरून देणे आपल्याच हाती आहे. दरवर्षी जेवढे देता तेवढे पैसे पुढच्या मुक्कामाचे आगाऊ म्हणून त्यांच्या बँक खात्यात पाठवावेत. मदत म्हणून दिले तर यजमान संकोचतील, आगाऊ म्हणून दिले तर ठेवून घेतील. नेटवर्क मिळेल त्या वेळी फोन करावा, गुजरातेत ऊसतोडीला गेलेले घरचे लोक परतले का हे विचारावे. रेशन मिळण्यात अडचण असेल तर तालुक्याच्या पुरवठा विभागाकडे पाठपुरावा करावा. आपण कधी यावे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. बंदी उठल्याचा दिवस आणि गावाने बोलावल्याचा दिवस एकच असेल, असे नाही.

प्रश्न : सामान बांधून माळ्यावर टाकले आहे. काही काळजी घ्यावी लागेल काय? (शिरपूर)

उत्तर : आधी ते माळ्यावरून उतरवावे. पत्र्याखालच्या उष्णतेत बुटांच्या तळव्यांचा डिंक सुटतो आणि दोर उन्हात राहिला तर कमजोर होतो. विजेरीतील सेल काढून ठेवावेत. तंबू कोरडा करून घडी न घालता सैल ठेवावा. बूट आठवड्यातून एकदा घालून घरातच तासभर चालावे. तळवा सुटायचाच असेल तर तो घरात सुटलेला बरा, सातपुड्यातल्या चांदसैलीच्या घाटात नको.