नवीन प्रोजेक्ट सॉफ्टवेअर घेतलं, पण कामं अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतात. काय करावं?

तुमचा फॅब्रिकेशनचा १५ माणसांचा धंदा, सॉफ्टवेअरचे वर्षाचे पैसे भरून झालेत, ट्रेनिंगही झालं, तरी बोर्ड, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कामांचा तक्ता, कोणी उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्याजवळ भोसरीत एका टूलरूमचं, म्हणजे कारखान्यांना लागणारी साधनं बनवणाऱ्या वर्कशॉपचं, प्लॅनिंग बघतो. आम्ही जिग-फिक्स्चर (मशीनवर पार्ट नेमका धरून ठेवणारी साधनं) बनवतो, म्हणजे दुखणं साधारण तुमच्यासारखंच.

आधी एक विचारतो, राग मानू नका. "ते काम कुठवर आलं?" हे तुम्ही स्वतः कुठे विचारता? फोनवर विचारत असाल तर उत्तर फोनवरच येणार. फोनवर सांगून झालेलं परत बोर्डवर कोण लिहीत बसेल? आमच्याकडे फरक पडला तो साहेबांनी फोन करणं सोडल्यावर. सकाळी सव्वानऊला सगळे टीव्हीवरच्या बोर्डसमोर उभे, दहा मिनिटं, आणि ज्या कामाचं कार्ड, म्हणजे बोर्डवरची नोंद, नाही त्यावर चर्चा नाही. खरेदीवाल्याच्या एका पेमेंटचा विषय, त्याचं कार्ड नव्हतं म्हणून, त्या दिवशी निघालाच नाही. तेव्हापासून त्याची कार्डं सगळ्यांच्या आधी पडतात.

ट्रेलो घ्या, असाना घ्या, झोहो घ्या, १५ माणसांना कुठलंही चालतं. पण त्यातले 'टू डू, डूइंग, डन' हे तयार कॉलम आधी पुसून टाका. आमचे असे आहेत: ड्रॉइंग बाकी, मटेरियल यायचंय, मशीनवर, बाहेर गेलंय, तपासणी, डिस्पॅच. यातला खरा कामाचा कॉलम 'बाहेर गेलंय'. हीट ट्रीटमेंट, वायरकट, ब्लॅकनिंग अशा बाहेरून करून घ्यायच्या कामांना गेलेले पार्ट सगळ्यांच्या विस्मरणात जातात. कार्डावर चलन नंबर, कोणाकडे गेलंय आणि परत यायची तारीख, एवढंच लिहितो. तारीख उलटली की कार्ड लाल. आमच्या अकाउंटंटना तर हा कॉलम फारच आवडतो, कारण जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाने एका वर्षात परत यावा लागतो आणि पूर्वी ते चलनांच्या फायली उपसत बसायचे.

दुसरी गोष्ट, एका वेळी किती कामं चालू ठेवायची. ऑटो कंपन्यांना माल देणाऱ्यांना कानबान, म्हणजे कार्डांवर चालणारी उत्पादनाची पद्धत, माहीत असतं. टोयोटात ताइची ओनो यांनी ते बसवलं तेव्हा मुद्दा असा होता की पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये येताना लोकांनी कार्डं उचलली आणि एका वेळी किती कामं, ही मर्यादा मागेच सोडली. मग 'चालू' कॉलममध्ये ४० कार्डं लटकतात. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकांनी १९६१ साली सिद्ध केलेलं गणित सोपं आहे: हातात २४ जॉब आणि आठवड्याला ६ पूर्ण होत असतील, तर एका जॉबला सरासरी ४ आठवडे लागणार. त्याच माणसांवर ३६ जॉब घेतलेत की ६ आठवडे. गिऱ्हाइकाला तारीख देताना आम्ही आता हेच बघतो. डिझाइनरकडे एका वेळी तीनच कार्डं. चौथं हवं तर आधी एक पुढे सरकवा. यावरून सेल्सवाल्यांशी खटके उडतात, अजूनही.

सवयींचं म्हणाल तर कार्डाचं नाव वाचून काम कळलं पाहिजे. 'बेसप्लेट' असं नाही, 'बेसप्लेट हीट ट्रीटमेंटला पाठवणे' असं. व्हॉइस नोटवर आलेला बदल ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे कार्डावर टाइप करायचा. दोन मिनिटांच्या नोटमधला 'भोक १२ चं करा' हा शब्द महिन्याभराने कोणालाही सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बंद करू नका मात्र. गेटवर गाडी आलीय हे सांगायला तेच बरं.

मशीनवरच्या ऑपरेटरना लॉगिन देऊ नका. हाताला कूलंट लागलेलं असताना कोण मोबाइल चाळणार? त्यांची कार्डं सुपरवायझर सरकवतो, शिफ्ट संपताना, एका दमात. तुम्ही म्हणता तशी १५ च्या १५ माणसं त्यात आणायचा हट्ट कशाला? पाच जण नियमित असले तरी बोर्ड खरा राहतो.

आणि जुने चालू जॉब त्यात चढवत बसू नका. ते एक्सेलमध्येच संपू देत. या सोमवारपासून येणारी प्रत्येक नवी ऑर्डर मात्र बोर्डवरच.